तिसऱ्या पिल्लाचं नाव

मागच्या दाराची कडी वाजली. एकदाच, नखानं वाजवावी तशी.

एरवी ती मला ऐकूही आली नसती. वीजकेंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्यांच्या कानात रात्रंदिवस एक घरघर मुरलेली असते. पाहुणे आले आणि हा आवाज कसला म्हणून विचारू लागले, की मग आपल्याला कळतं, आवाज आहे. पण त्या मार्चमध्ये केंद्र वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होतं. भर दुपारी कॉलनी इतकी गप्प पडली होती की झोळीतल्या रेणूचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. आठ महिन्यांची होती ती. पाऊण तास झोके दिल्यावर कुठे तिचा डोळा लागला होता.

दार उघडलं तर मानकू उईके उभा. ठेकेदाराकडचा माणूस, आमच्या केंद्राच्या उंच धुरांड्यावर चढणारा. अर्ध्या उंचीवर एक लोखंडी फलाट आहे, तिथले लाल दिवे बदलणं हे त्याचं काम. चपला त्यानं खालच्या पायरीवर काढून ठेवल्या होत्या आणि केस पाणी लावून चापून बसवले होते. सकाळी ज्याच्या छातीवर मी ससाण्याची पिल्लं पाहिली तो हाच माणूस, हे क्षणभर मला पटेना.

"झोपलं का जी लेकरू?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग हळूच बोलतो. एक काम होतं, बाई."

मग पायरीकडे बघत उभा राहिला. मी पाणी दिलं, ते त्यानं वरून ओतून घेतलं. तांब्या परत देताना म्हणाला, "ते सकाळचं बारकं पिल्लू. त्याचं नाव तुमीच लिवणार न, बोर्डावर?"

सकाळचं सांगायला हवं, त्याशिवाय हे कळायचं नाही.

त्या फलाटावर शाहीन ससाण्याच्या जोडीनं घर केलं होतं. ते पहिल्यांदा पाहिलं मानकूनंच. दिवा बदलायला गेला तर मादीनं त्याच्या हेल्मेटवर झडप घातली. खाली येऊन त्यानं सांगितलं, साहेबांनी फोटो मागवले, पुण्याच्या एका संस्थेला कळवलं, आणि बघता बघता ती पाखरं आमच्या केंद्राचं भूषण झाली. धूर ओकणाऱ्या जागेला तशी भूषणं कमीच मिळतात. संस्थेच्या टिळेकर बाई पिल्लांच्या पायात कडी घालायला येणार असं ठरलं. ॲल्युमिनियमची छोटी कडी असतात, त्यांवर आकडे कोरलेले असतात. पाखरू पुढे कुठेही सापडलं तरी ते कुठलं हे त्यावरून कळतं.

नुसत्या आकड्यांवर आमचं महिला मंडळ थोडंच थांबणार. मुख्य अभियंत्यांच्या पत्नी, बोंद्रे मॅडम, यांनी बैठक बोलावली आणि नावं एका धाग्यातली हवीत असं जाहीर केलं. दोन तास आम्ही त्यावर घालवले. कुणी किल्ल्यांची नावं सुचवली, कुणी रागांची. एकीनं पेढा, बर्फी, जिलबी म्हटलं, तर तिला डायबिटीस झालाय हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे हसू आवरेना. केंद्रातले पुरुष म्हणत होते, किलो, मेगा आणि वॅट ठेवा, बिल भरायला सोपं. शेवटी बोंद्रे मॅडमनी आकाशाकडे बोट केलं आणि ताऱ्यांवर शिक्कामोर्तब झालं. माद्या निघाल्या तर रोहिणी, अरुंधती, स्वाती. नर निघाले तर ध्रुव, अगस्ती. पाटी धुरांड्याच्या पायथ्याशी लागणार आणि ती रंगवायची मी, कारण माझं अक्षर चांगलं. लग्नाआधी मी अकोल्यात एका साइनबोर्डवाल्याकडे वर्षभर शिकले होते. कॉलनीत त्याचा उपयोग हळदीकुंकवाच्या फलकापलीकडे कधी झाला नव्हता, म्हणून मला त्या पाटीचं अप्रूप होतं.

तर सकाळी मानकूनं तिन्ही पिल्लं कापडी पिशव्यांतून छातीशी बांधून खाली आणली. पांढऱ्या कापसाचे गोळे, आणि त्या मानानं केवढे तरी मोठे पिवळट पाय. टिळेकर बाईंनी पाय मोजून पहिल्या दोन माद्या आहेत असं सांगितलं, त्यांना कडी घातली. रोहिणी आणि अरुंधती. टाळ्या झाल्या. तिसरं पिल्लू लहान होतं, नर. पिशवीतून काढल्याक्षणी त्यानं जो आकांत मांडला, तो थांबेचना. पाय आखडून घेई, चोच मारी. टिळेकर बाईंच्या बोटातून रक्त आलं.

मानकूनं ते आपल्या दोन्ही तळव्यांत घेतलं. वाकला आणि त्याच्या डोक्याशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटू लागला. वहीत आकडे लिहायला मी जवळच उभी होते, रेणू माझ्या कडेवर. त्यामुळे मला तेवढं ऐकू आलं. नावं होती ती. बुधाजी. सोनीबाई. लच्चू. प्रत्येक नावानंतर तो थोडा थांबायचा. पिल्लू ओरडतच होतं. मग त्यानं म्हटलं, झित्रू. आणि पिल्लानं चोच मिटली.

योगायोग असेल. ओरडून दमलं असेल. टिळेकर बाईंनी तेवढ्यात पक्कड दाबून कडं बसवलं. बोंद्रे मॅडम हसत म्हणाल्या, "काय मंत्र टाकलास रे?" मानकू म्हणाला, काही नाही मॅडम. पण त्याचा चेहरा मी पाहिला होता. भरल्या बाजारात कुणीतरी पाठीवर हात ठेवावा आणि वळायची हिंमत होऊ नये, तसा तो उभा होता.

"ध्रुव," बोंद्रे मॅडमनी जाहीर केलं. फोटो निघाले. तासाभरात पिल्लं परत वर गेली.

आणि आता दुपारी तो माझ्या मागच्या दारी.

"आमच्या घरी असं हाये बाई," तो सांगू लागला. लेकरू रडायचं थांबत नसलं की घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. ज्या नावाला ते गप होईल, ते माणूस परत आलं समजायचं आणि तेच नाव ठेवायचं. त्याचं स्वतःचं नाव असंच त्याच्या आज्याचं. आज सकाळी त्यानं सहज सवयीनं घेतली नावं, पाखरासाठी कोण मुद्दाम घेतो. पण ते गप झालं.

"झित्रू कोण?" मी विचारलं.

"लहान भाऊ. तीन वर्षं झाली."

"आजारी होता?"

"पडला जी." मग म्हणाला, "उंचावरून."

मी त्याहून जास्त विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण आत झोळी हलली आणि माझा अर्धा जीव तिकडे गेला.

"ध्रुव म्हणजे तो जागचा न हलणारा तारा न?" तो म्हणाला. "आन् हे तं उडणार हाये. मॅडमलेबी काय सुचलं." तो पहिल्यांदा हसला. मीही हसले, कारण दोन तासांच्या बैठकीत हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"झित्रू लिवाल?"

नाव तर आहे, मला वाटलं. दोन अक्षरं ती काय. बोंद्रे मॅडमना समजावता येईल, की पिल्लं आणणाऱ्याचा मान म्हणून एक नाव त्याच्या घरचं. मी म्हटलं, लिहीन.

तो गेला. चपला त्यानं हातात घेतल्या आणि कुंपणापलीकडे जाऊन घातल्या, त्यांचाही आवाज नको म्हणून.

पाटी व्हरांड्यात होती. पांढरा रंग वाळलेला, वर लाल ऑइलपेंटमध्ये दोन नावं. मी रेणू उठायच्या आत तिसरं लिहून टाकलं. 'झ' लिहायला अवघड, त्याची गाठ नेहमी फुगते. त्या दिवशी ती नीट जमली. दोन पावलं मागे जाऊन मी बघत राहिले. तारे होते त्यांच्यात एक माणूस जाऊन बसल्यासारखं दिसत होतं आणि मला ते आवडलं.

श्रीरंग पाचला आला. माझा नवरा केंद्रात सुरक्षा विभागात होता. उंचावरची, धोक्याची कामं सुरू होण्यापूर्वी परवान्याच्या कागदावर त्याची सही लागायची. कोण चढणार, किती जण, पट्टे तपासले का. बूट काढता काढता त्याची नजर पाटीवर गेली. एक बूट पायात आणि एक हातात असा तो तसाच थांबला.

"हे नाव कुणी सांगितलं तुला?"

मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. हसत सांगितलं, ध्रुवाचा विनोदसुद्धा. तो हसला नाही. बूट खाली ठेवला, शेजारच्या व्हरांड्यात कुणी आहे का पाहिलं, आणि मला आत ये म्हणाला.

रेणू जागी झाली होती. तिला मांडीवर घेऊन त्यानं जे सांगितलं ते तिच्या जावळावरून हात फिरवत सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या लग्नाच्या आधी सहा महिने, मानकूला ताप होता. ठेकेदारांच्या माणसांची एक रीत होती: ज्याला बरं नाही त्याच्या जागी त्याच्याच गेटपासवर भाऊ नाहीतर मेहुणा यायचा. हजेरी बुडली तर दुसरा माणूस लागतो, म्हणून. गेटवरचे सगळे जाणून होते. त्या दिवशी झित्रू आला. श्रीरंगनं त्याला ओळखलं, हा मानकू नव्हे. पण काम अडलं होतं. म्हणून त्यानं परवान्यावर खाली पेनानं लिहिलं, बदली: झित्रू उईके. आणि सही केली.

"चांगल्यासाठीच लिहिलं होतं मी," श्रीरंग म्हणाला. "की निदान नाव तरी कागदावर असावं."

साडेअकराला झित्रू फलाटावरून पडला.

दुपारी वरच्या साहेबांनी श्रीरंगला बोलावलं आणि परवाना नव्या कागदावर स्वच्छ लिहून आण म्हणून सांगितलं. दुसरं काही म्हणाले नाहीत. श्रीरंगनं तो बदलीची ओळ गाळून लिहिला. गेटच्या वहीत मानकूचं नाव होतं. पास मानकूचा होता. तेव्हा कागदावर त्या दिवशी मानकूच वर चढला होता, आणि मानकू तर जिवंत होता. मग पडलं कोण? कुणीच नाही. झित्रू उईके नावाचा एक माणूस भिंतीबाहेर मोहाच्या झाडावरून पडून मेला, असं पोलिसपाटलाच्या दाखल्यात आलं.

"सव्वीस वर्षांचा होतो मी, ऋजू. नोकरीला चौदा महिने झाले होते."

"आणि मानकू?"

"त्याला सगळं माहीत आहे."

रेणू त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायला बघत होती, तो ते पुन्हा पुन्हा सोडवून घेत होता. फार हळुवारपणे. तेच मला सहन होईना.

"उद्या मुंबईहून संचालक येतायत," तो म्हणाला. "वर्तमानपत्रवाले येतील. नाव वाचलं की कुणीतरी विचारणारच, झित्रू म्हणजे कोण. मानकू सांगेल. त्यानं का सांगू नये? पण मग तो कागद निघेल." मग म्हणाला, "मी तुला पूस म्हणत नाही. तू ठरव."

असं म्हणून तो रेणूला घेऊन बागेकडे फिरायला गेला.

त्यानं पूस म्हटलं असतं तर मी भांडले असते. कदाचित पुसलंही नसतं. मला आजही नक्की सांगता येत नाही. दारातून मला ते दोघं दिसत होते. तिला त्यानं खांद्यावर बसवलं होतं, ती दोन्ही हातांनी त्याचे केस ओढत होती. मागे ते धुरांडं, बिनधुराचं. उन्हं अजून होती.

रेणूचा एक जुना लंगोट घेतला, टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि मी नाव पुसलं. आधी 'झि', मग 'त्रू'. रंग ओला होता, सहज निघाला. मागे गुलाबी डाग राहिला, तो घासून घासून फिका केला. त्यावर लिहिलं, ध्रुव. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, घाईत लिहिलेलं अक्षर दुरूनही ओळखू येतं. हे ओळखू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कार्यक्रम झाला. संचालकांनी फीत कापली, पडदा सरकला. टिळेकर बाई पाखरांबद्दल छान बोलल्या. मानकूचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता तो. शाल खांद्यावर पडली तशी तो पाटीकडे वळला आणि वाचू लागला. त्याला वाचता येत होतं, पण सावकाश. एकेका नावावर त्याचे ओठ हलत होते. तिसऱ्या नावाशी आल्यावर हलायचे थांबले.

सगळ्यांबरोबर त्यानं टाळ्यासुद्धा वाजवल्या, नारळ काखेत धरून.

मंडळी चहाकडे गेली. श्रीरंग संचालकांबरोबर पुढे होता. मी रेणूला घेऊन मागे राहिले. मानकू पाटीजवळच उभा होता. मी जवळ गेले.

तो पाटी निरखत होता. ध्रुवच्या खाली, 'ध'च्या पोटात, गुलाबी सावट राहिलं होतं. त्यावर त्यानं बोट ठेवलं.

"लिवलं होतं म्हणा."

"हो."

"किती वेळ होतं?"

"तासभर," मी म्हटलं. मग वाटलं, खरं सांगावं. "दोन असतील. साडेतीनपासून साडेपाचपर्यंत."

त्यानं मान हलवली. मनाशी काही जुळवत असावा तसा. "दोन तास तं होतं," तो म्हणाला.

वर मादीनं साद घातली. आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही.

"साहेबानं पुसलं?"

हो म्हणता आलं असतं. इतकं सोपं होतं ते. त्यालाही कदाचित तेच ऐकायचं होतं. कडेवरची रेणू त्याच्या शालीचा जरीकाठ पकडायला झेपावत होती आणि तो नकळत पदर तिच्या हाताशी नेत होता.

"मी पुसलं."

त्यानं शालीचा पदर रेणूच्या मुठीतून हळूच सोडवून घेतला.

"मीबी देली होती सही, बाई," तो म्हणाला. "त्या दिवशी मीच वर होतो म्हणून. तापात होतो, पण कळत होतं सारं. नाई देली असती तं मलेबी काढलं असतं. घरी त्याची बायको, माही बायको, चार लेकरं." नारळ त्यानं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. "आम्हा दोघाले तं ते नाव लावता येत नव्हतं. साहेबालेबी नाई, मलेबी नाई. म्हटलं, तुमचा हात साफ हाये."

मी रेणूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मंग आता आपण तिघं झालो," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. अंगणात बसायला एक माणूस वाढलं की सरकून जागा करावी, तसं म्हणाला. आणि चहाच्या मंडपाकडे न जाता सरळ गेटकडे चालू लागला.

मे महिन्यात पिल्लं उडाली. दिवे बदलायला त्यानंतर दुसराच माणूस येऊ लागला. मानकू कुठं गेला हे मी एकदोघांना विचारलं, श्रीरंगला नाही. श्रीरंगला त्याच दिवाळीत बढती मिळाली आणि आम्ही बदलून नाशिकला आलो. घरात त्या गोष्टीचा उच्चार झाला नाही. तो चांगला बाप आहे. रोज झोपताना तो रेणूला गोष्ट सांगतो, तिचे बूट पॉलिश करतो, तिला सायकल शिकवताना अर्धा किलोमीटर मागे धावला. हे लिहिताना मला ते लपवायचं नाही.

रेणू आता दुसरीत आहे. दिसेल ते वाचते: दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टनं, डाळीच्या पिशवीमागची बारीक अक्षरं. आणि भेटेल त्याला नातं लावते. वॉचमन मामा, दूधवाला दादा, समोरच्या फ्लॅटमधल्या एकट्या म्हाताऱ्या बाई तिची मावशीआजी. ती शाळेतून यायच्या आत, डाळ शिजेपर्यंत, मी ओट्यावर चार ओळी लिहिते. काल तिची शाळा लवकर सुटली. मी हात पुसून दार उघडलं, तिला भात वाढायला ताट काढलं, आणि वळते तर ती स्टुलावर चढून कागदावर बोट ठेवून उभी. ओठ हलत होते. एकेक अक्षर लावत तिनं ते नाव वाचलं. मोठ्यानं, बरोबर.

त्या दिवसानंतर आमच्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि ते तिच्या तोंडून.

दुपारच्या जेवणाला नुकताच घरी आलेला श्रीरंग खोलीत कपडे बदलत होता. दार अर्धवट उघडं होतं. तिचा आवाज आत गेला असणार, कारण हँगरची खडखड थांबली.

"आई," रेणू म्हणाली, "झित्रू आपला कोण लागतो?"